देणगी डावीकडे का लिहितात?

आकाशवाणीवरून मला बोलावणं येतं ते बहुतेक वेळा कवितेसाठी. ईद, दिवाळी, नाहीतर पावसाळा जवळ आला की फोन वाजतो. यंदा मात्र कार्यक्रम अधिकाऱ्यांनी वेगळंच विचारलं. ‘तुम्ही वाचनालयाचे खजिनदार आहात ना? मग लहान संस्थांच्या हिशेबावर आणि करावर बोला.’ मी म्हटलं, अहो, मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. कॉमर्सच्या इमारतीत गेलो तो फक्त कॅन्टीनपुरता. ते म्हणाले, ‘म्हणूनच. सीए बोलायला लागले की लोक रेडिओ बंद करतात.’ सीए मंडळींनी हे मनावर घेऊ नये.

तर गेली सतरा वर्षं आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचा मी खजिनदार आहे. खजिना म्हणजे एक लोखंडी कपाट. त्यात पावतीपुस्तकं, पासबुकं, व्हाउचरच्या फायली आणि किरकोळ खर्चाची एक पत्र्याची डबी. कवीच्या हाती पैशाचा व्यवहार द्यायचा धीर सभासदांना कसा झाला, हे त्यांनाच ठाऊक. पण पहिल्याच वर्षी एक गंमत माझ्या लक्षात आली. हिशेबाची मराठी जरा कान देऊन ऐका. जमा, खर्च, बाकी, वसूल, रक्कम, तारीख, रोजकीर्द आणि खुद्द हिशेब! हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठीत असे मुरले की आता त्यांना कुणी गाव विचारत नाही. फडणीससुद्धा मूळचे फर्दनवीस. असो. शब्दांत रमलो तर मुद्दा राहून जाईल.

लोकांच्या मनात एक समज पक्का बसलेला असतो. ‘आपण कुठं धंदा करतो? नफा नाही, मग कर कसला आणि हिशेब तरी कसला?’ हे बोलणारी माणसं चांगली, सरळ, पदरमोड करणारी असतात, आणि खरी अडचण तीच आहे. लबाड माणूस कागद चोख ठेवतो, कारण उद्या विचारणा होणार हे त्याला माहीत असतं. सरळ माणसाला वाटतं, मी एक पैसा खाल्लेला नाही, मला कोण विचारणार? पण विचारणा चोरीची नसते, कागदाची असते.

‘ना नफा’ या शब्दांचा अर्थही नीट समजून घ्यायला हवा. संस्थेला वर्षाअखेर शिल्लक राहू शकते, त्यात गैर काही नाही. ती शिल्लक सभासदांनी वाटून घ्यायची नाही, संस्थेच्या कामालाच लावायची, एवढाच त्याचा अर्थ.

महाराष्ट्रात आपल्या वाचनालयासारखी संस्था साधारण दोन कायद्यांखाली नोंदलेली असते. एक १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि दुसरा १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा. पूर्वी त्याच्या नावात मुंबई होतं, आता महाराष्ट्र आहे. या दुसऱ्या कायद्याखाली आपला संबंध धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाशी येतो. (मशिदी-दर्ग्यांच्या वक्फ मिळकतींचा कारभार वेगळ्या कायद्याखाली चालतो, त्यात आज शिरत नाही.) दोन्ही प्रमाणपत्रं चौकटीत बसवून भिंतीवर लावली की मंडळींना वाटतं, झालं. प्रत्यक्षात तिसरं दार उरलेलंच असतं, ते प्राप्तिकर खात्याचं. धर्मादायकडे नोंद झाली म्हणून करमाफी मिळत नाही. त्यासाठी प्राप्तिकर खात्याकडे वेगळी नोंदणी करावी लागते, आणि देणगीदाराला सवलत मिळावी म्हणून आणखी एक. लोकांच्या तोंडी यांची नावं ‘बारा ए’ आणि ‘ऐंशी जी’ अशी आहेत. नव्या, २०२५ च्या प्राप्तिकर कायद्याची अंमलबजावणी १ एप्रिल २०२६ पासूनची. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, पण गाभा फारसा हललेला नाही. मी इथे जुनीच नावं वापरतो, कारण फायलींवर तीच लिहिलेली आहेत.

या ‘बारा ए’बद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण सध्या लहान संस्थांना सगळ्यात मोठा धोका इथेच आहे. पूर्वी ही नोंदणी एकदा मिळाली की मिळाली. आमच्या वाचनालयाचं पत्र टाइपरायटरवर उमटवलेलं होतं, जपून ठेवलेलं. २०२१ मध्ये नियम बदलला. जुन्या नोंदणीवाल्या सगळ्या संस्थांनी पुन्हा अर्ज करायचा आणि नोंदणी पाच वर्षांपुरतीच मिळणार, असं ठरलं. त्या वेळी मिळालेल्या नोंदण्यांची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतची होती. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या सहा महिने आधी, म्हणजे ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत करायचा होता. आता मला सांगा, गावातल्या व्यायामशाळेच्या चिटणिसाला ही तारीख कोण सांगणार? टपालानं नोटीस येत नाही. आलाच तर ईमेल येतो, आणि तो ईमेल कुणाचा, ही एक वेगळीच कहाणी आहे. ती पुढे सांगतो.

नोंदणी हुकली तर काय होतं? त्या वर्षाच्या उत्पन्नावरची सूट जाते, हे उघड आहे. पण २०२३ च्या दुरुस्तीनं आणखी एक गोष्ट त्यात आणली. मुदतीत पुनर्नोंदणीचा अर्ज केला नाही, तर संस्था धर्मादाय राहिलेलीच नाही असं समजून तिच्या निव्वळ मालमत्तेवर कर बसू शकतो. तोही बाजारभावानं मोजून आणि सर्वांत वरच्या दरानं. कल्पना करा, पन्नास वर्षांपूर्वी कुणा दानशूरानं बाजारपेठेत दोन गुंठे जागा वाचनालयाला दिली. तेव्हा तिथं चिंचेचं झाड होतं, आज दोन्ही बाजूंना दुकानं आहेत. संस्थेच्या बँकेत लाखभर रुपये आणि कर मात्र त्या दोन गुंठ्यांच्या आजच्या भावावर. जागा विकल्याशिवाय तो भरणार कुठून? उशीर माफ करण्याचा अधिकार २०२४ पासून आयुक्तांना दिलेला आहे, त्यासाठी सबळ कारण मात्र दाखवावं लागतं. ज्यांची तारीख हुकली असेल त्यांनी हे वाचून झाल्यावर पहिला फोन आपल्या कर सल्लागाराला करावा. एक दिलासाही आहे. ज्या संस्थांचं उत्पन्न आधीच्या दोन्ही वर्षांत पाच कोटींच्या आत आहे, त्यांना २०२५ पासून ही नोंदणी दहा वर्षांसाठी मिळू शकते. आपल्यासारख्या बहुतेक संस्था त्यात बसतात.

आता वहीकडे येऊ. हिशेबाची सुरुवात रोजकीर्दीपासून. ज्या दिवशी पैसा आला किंवा गेला त्याच दिवशी लिहायचं. रोजकीर्दीतून खतावणी, खतावणीतून तेरीज आणि तेरजेवरून वर्षाअखेरचा जमाखर्च व ताळेबंद. संगणकावर टॅली वापरा नाहीतर लाल कापडी वही, क्रम तोच. संगणक बेरीज चुकत नाही, पण चहाचे चाळीस रुपये कुणाच्या सभेचे, हे त्याला ठाऊक नसतं.

ताळेबंद पहिल्यांदा पाहिला तेव्हा एक गोष्ट मला फार विचित्र वाटली. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी बालविभागाच्या पुस्तकांसाठी २५ हजार रुपये दिले होते. पैसे बँकेत जमा झाले, म्हणजे संस्थेकडे आले. मग ताळेबंदात ते डावीकडे, ‘निधी व देणी’ या बाजूला का? देणं तर उधारीला म्हणतात. मी लेखापरीक्षकांना तसं विचारलं. ते म्हणाले, ‘सर, बाईंनी पैसे तुम्हाला दिले नाहीत, मुलांच्या पुस्तकांना दिले. पुस्तकं येईपर्यंत तुम्ही बाईंचे देणेकरी.’ धर्मादाय कायद्याच्या नियमांत ताळेबंदाचा ठरावीक नमुना आहे. त्यात डाव्या बाजूला कायम निधी, मग विशिष्ट कारणांसाठीचे निधी, मग कर्ज आणि इतर देणी, अशी ओळ लावलेली असते. उजवीकडे मालमत्ता म्हणजे जागा, कपाटं, पुस्तकं, ठेवी, हातातली रोकड. उजवीकडे आपल्याजवळ काय आहे ते दिसतं, डावीकडे ते कुणाचं आहे ते दिसतं. मला ही मांडणी फार आवडली. कवितेतसुद्धा इतकं स्पष्ट क्वचित कुणी सांगतं.

तेव्हापासून आमच्याकडे पावतीवर ‘देणगी’ एवढंच लिहीत नाहीत. कशासाठी, ते लिहितात. कारण न सांगता दिलेली देणगी वर्षाच्या उत्पन्नात धरायची. विशिष्ट कामासाठी दिलेली त्या निधीच्या खात्यावर. आणि मूळ रक्कम कायम ठेवून व्याजच वापरा अशी इच्छा असेल, तर देणगीदाराकडून तसं लेखी घ्यायचं. लेखी नसेल तर प्राप्तिकराच्या दृष्टीनं ती कायम निधीतली देणगी ठरत नाही, साधं उत्पन्न ठरतं. एवढ्या एका चिठ्ठीनं पुढची किती डोकेदुखी वाचते!

माझ्या घरी हा विचार लहानपणापासून वेगळ्या नावानं ऐकलेला. मराठीत जकात म्हटलं की शहराच्या वेशीवरचा नाका आणि ट्रकांची रांग आठवते. आमच्या घरात जकात म्हणजे साठवलेल्या संपत्तीतला चाळिसावा हिस्सा, जो गरजू माणसालाच पोचला पाहिजे. आई ते पैसे वेगळ्या पुरचुंडीत बांधून ठेवी. घरात किराणा संपला तरी त्या पुरचुंडीला हात लागत नसे. वसतिगृह किंवा शिष्यवृत्ती चालवणाऱ्या संस्थांकडे अशी रक्कम येते. ती त्यांनी इमारतीच्या रंगकामात मिसळली तर कायद्याचं काय व्हायचं ते होईल, पण देणाऱ्याला तोंड दाखवता येणार नाही. वेगळं खातं म्हणजे तीच पुरचुंडी.

आता ८५ टक्क्यांचा नियम. करमाफी हवी असेल तर संस्थेनं वर्षाच्या उत्पन्नातले किमान ८५ टक्के आपल्या उद्दिष्टांवर खर्च केले पाहिजेत. उरलेले १५ टक्के विनाअट शिल्लक ठेवता येतात. समजा एका संस्थेचं वर्षाचं उत्पन्न १२ लाख रुपये आहे. ८५ टक्के म्हणजे १० लाख २० हजार. प्रत्यक्ष खर्च झाला ६ लाख २० हजार. तर ४ लाख कमी पडले. या चार लाखांवर कराचा प्रश्न येतो. काटकसरी संस्थेला हे अन्यायाचं वाटतं. ‘आम्ही उधळपट्टी केली नाही, त्याची ही शिक्षा?’ पण कायद्याचं म्हणणं असं की लोकांनी पैसे काम करायला दिले, साठवायला नव्हे. पुढच्या वर्षी इमारत बांधायची म्हणून साठवत असाल, तर तसं सांगायची सोय आहे. कार्यकारी मंडळानं ठराव करायचा, नेमकं कारण लिहायचं, मुदतीत अर्ज भरायचा आणि पैसे बँकेसारख्या मान्य ठिकाणी गुंतवायचे. मग पाच वर्षांपर्यंत ती रक्कम ठेवता येते. ‘संस्थेच्या उद्दिष्टांसाठी’ असं मोघम कारण लिहू नका. ‘अभ्यासिकेची खोली बांधण्यासाठी’ असं लिहा.

रोखीचं थोडक्यात सांगतो. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांपेक्षा जास्त रोख दिली, तर तो खर्च करापुरता खर्च म्हणून धरला जात नाही. मांडववाला म्हणाला, ‘रोख द्या, दोन हजार कमी करतो,’ तरी धनादेशच द्यावा. दोन हजारांवरच्या रोख देणगीला देणगीदाराची ८०जीची वजावट मिळत नाही. आणि दाराशी ठेवलेली दानपेटी! वाचनालयासारख्या संस्थेला निनावी देणग्या एका मर्यादेबाहेर मिळाल्या, तर जास्तीच्या रकमेवर ३० टक्के कर लागतो. ही मर्यादा एकूण देणग्यांच्या पाच टक्के किंवा एक लाख रुपये, यांतली जी जास्त असेल ती. निव्वळ धार्मिक संस्थांना हा नियम लागू नाही. आमची पेटी वर्षाला चार-पाच हजारांवर जात नाही, त्यामुळे आम्हाला धास्ती नाही. तरी जवळ एक वही ठेवली आहे, नाव-पत्ता लिहायला. लोक नावासोबत अभिप्रायही लिहितात. ‘पंखा दुरुस्त करा’ असाही एक आहे.

८०जीच्या पावतीचीही रीत बदलली आहे. पूर्वी पावतीवर नोंदणी क्रमांक छापला की पुरे होई. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून संस्थेनं देणगीदारांची यादी त्यांच्या पॅन किंवा आधार क्रमांकासह प्राप्तिकर खात्याकडे भरायची आणि तिथून निघणारं प्रमाणपत्र देणगीदाराला द्यायचं, असं ठरलं. त्यासाठी तारीख ३१ मे. उशिराला दिवसाला २०० रुपये. यादी भरली नाही तर देणगीदाराला वजावट नाही. मात्र ज्यांनी नवी करपद्धती घेतली आहे, त्यांना ही वजावट मुळातच मिळत नाही. त्यामुळे ‘ऐंशी जी आहे का?’ असं विचारणारे आता आमच्याकडे कमी झाले. गंमत म्हणजे देणग्या कमी झाल्या नाहीत. पुस्तकासाठी पाचशे रुपये देणाऱ्या माणसाला कराची वजावट कधी नकोच होती, असं माझं मत आहे.

कोकणातल्या आणि आखाताशी नातं असलेल्या गावांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. दुबईत, मस्कतमध्ये नोकरी करणारा आपला मुलगा, भारताचा नागरिक, स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणगी पाठवतो, तेव्हा ती परदेशी देणगी समजत नाहीत. त्याच्या पासपोर्टची प्रत मात्र फायलीला लावून ठेवा. पण त्याच्याच चुलतभावानं इंग्लंडचं किंवा अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर त्याचे पैसे परदेशी देणगी ठरतात, मग तो दर उन्हाळ्यात आंबे खायला गावी का येईना. त्यासाठी २०१० च्या परकीय योगदान कायद्याखाली वेगळी नोंदणी किंवा परवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यावरच घ्यावे लागतात. नोंदणी नसेल तर प्रेमानं नाही म्हणा.

आता एका महिला मंडळाची गोष्ट सांगतो. मंडळ आमच्याच भागातलं, नाव सांगत नाही. शिवणवर्ग, पाळणाघर, बचतीचं शिक्षण, सगळं उत्तम. दर तीन वर्षांनी निवडणूक होई, इतिवृत्त सुरेख अक्षरात लिहिलं जाई. पण नवं कार्यकारी मंडळ निवडून आलं की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला बदल अर्ज, म्हणजे ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात तो, द्यावा लागतो, हे कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. पंधरा वर्षं गेली. अध्यक्षबाई वारल्या. चिटणीसबाई वारल्या. खजिनदार मुलीकडे पुण्याला गेल्या. नव्या बायका बँकेत सह्या बदलायला गेल्या, तेव्हा बँकेनं धर्मादाय कार्यालयाकडचा परिशिष्ट एकचा उतारा मागितला. उताऱ्यावर विश्वस्त म्हणून नावं होती ती दोन मयत बायकांची आणि एका पुण्याच्या आजींची.

सहा लाखांची ठेव बँकेत जागच्या जागी आणि शिवणवर्गाच्या बाईंचा पाच महिन्यांचा पगार थकलेला. एक रुपया इकडचा तिकडे झालेला नव्हता. मंडळाच्या आताच्या खजिनदार मला म्हणाल्या, ‘सर, पैसा आमचा, पण आम्हाला हात लावायची सोय नाही. सासरचं-माहेरचं दोन्हीकडचं असंच असतं म्हणा.’ त्या हसत होत्या, पण डोळे हसत नव्हते. मग प्रत्येक निवडणुकीचा वेगळा अर्ज, प्रत्येकाला विलंब माफीचा विनंतीअर्ज, सभेच्या नोटिसा, मृत्यूचे दाखले, प्रतिज्ञापत्रं, वकिलांची फी. पाळणाघर मध्येच बंद पडलं. मुलं शेजारणींकडे गेली आणि दोन आयांना काम सोडावं लागलं. हे मी सांगतो ते भीती घालायला नाही. त्या बायकांना गरज होती ती फक्त एका माणसाची, जो निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी म्हणाला असता, ‘ताई, अर्ज राहिला.’

असा माणूस मिळवायचा कुठून? लहान संस्था मदत मागतात ती सप्टेंबरात. सर्वसाधारणपणे दोन्ही लेखापरीक्षण अहवाल, धर्मादायचा आणि प्राप्तिकराचा, ३० सप्टेंबरच्या आसपास लागतात आणि विवरणपत्र ऑक्टोबरअखेर. मग पिशवीभर बिलं सीएच्या टेबलावर ओतायची आणि म्हणायचं, ‘बघा तुम्हीच काय ते.’ सीए जादूगार नाही. एप्रिलमध्ये जे लिहिलं गेलं नाही ते सप्टेंबरात अंदाजानं लिहिलं जातं, आणि अंदाजाचा हिशेब पुढच्या वर्षी गळ्यात येतो. शिवाय ज्यानं तपासायचं त्यानंच लिहायचं नसतं. स्वतःच्या परीक्षेचे पेपर स्वतः तपासल्यासारखं होतं ते.

आणि फुकट मागू नका. ‘आमची सेवाभावी संस्था, तुम्हीही सेवा म्हणून करा’ हे वाक्य प्रत्येक गावातल्या प्रत्येक सीएनं इतक्या वेळा ऐकलेलं असतं की त्या फायली शेवटच्या फळीवर जातात. कमी घ्या म्हणा, पण अंदाजपत्रकात हिशेब आणि लेखापरीक्षण यासाठी रक्कम धरा. सत्काराच्या शाली-नारळाला पैसे असतात आणि रोजकीर्द लिहिणाऱ्याला नसतात, हे मला पटत नाही.

आम्ही काय केलं ते सांगतो. आमच्या गावात एक सहकारी बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. हिशेबात हात बसलेला, दुपारी वेळ मोकळा. वाचनालय, व्यायामशाळा आणि एक शिक्षणसंस्था अशा तिघांनी मिळून त्यांना महिन्याचं मानधन ठरवलं. ते आठवड्यातून एक दुपार प्रत्येकाकडे बसतात. रोजकीर्द पुरी करतात, व्हाउचरला बिल जोडतात, बँकेचं पासबुक वहीशी ताडून पाहतात. भिंतीवर त्यांनी एक तक्ता लावला आहे. ३१ मे देणगीदारांची यादी, सप्टेंबर लेखापरीक्षण, निवडणूक झाली की ९० दिवस, आणि नोंदणी संपायचं वर्ष लाल शाईत. वहीत अडलं तर ते सीएंना विचारतात, सीए त्यांना आनंदानं सांगतात, कारण प्रश्न नेमका असतो. जवळ कॉमर्सचं महाविद्यालय असेल तर शेवटच्या वर्षाची मुलंमुलीही हे शिकू शकतात. त्यांना सराव मिळतो, तुम्हाला हात मिळतो.

काही गोष्टी मात्र कुणावरही सोपवू नयेत. ठराव आणि सह्या तर नाहीतच. तसेच पासवर्ड. मघाशी ईमेलची कहाणी म्हटलं ती हीच. सगळे अर्ज आता संगणकावरून जातात. अनेक संस्थांनी पहिल्यांदा नोंद केली तेव्हा सल्लागाराचाच मोबाइल आणि त्याचाच ईमेल दिला, कारण चिटणिसाकडे ईमेल नव्हता. पुढे सल्लागार बदलला, गाव सोडून गेला किंवा भांडण झालं. मग नोटीस येते ती त्याच्याकडे, ओटीपी जातो तो त्याच्या फोनवर, आणि संस्था दाराबाहेर. माझ्या माहितीतल्या एका संस्थेला खात्याचं पत्र आलेलं आठ महिन्यांनी कळलं. संस्थेच्या नावाचा ईमेल काढा, संस्थेचं एक सिमकार्ड घ्या, ते रिचार्ज करा, आणि दोन पदाधिकाऱ्यांना पासवर्ड ठाऊक असू द्या. सल्लागाराला काम करण्यापुरतं अधिकृत करता येतं. घराची किल्ली द्यावी, सातबारा देऊ नये. आणि हिशेबाच्या वह्या, व्हाउचर रद्दीत घालू नका. प्राप्तिकराच्या नियमानं त्या दहा वर्षं जपायच्या असतात.

हे निवृत्त गृहस्थ आता महिला मंडळाचेही अर्ज तयार करून देत आहेत. पहिल्या दोन निवडणुकांचे बदल मंजूर झाले, तिसऱ्याची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. शिवणवर्गाच्या बाईंना तोवर तीन संस्थांनी मिळून उसने पैसे दिले आहेत. ते आमच्या ताळेबंदात उजवीकडे दिसतील आणि मंडळाच्या ताळेबंदात डावीकडे.